पावसाळ्यातील वीटकाम आणि शाळेची भिंत

भीमाशंकरच्या डोंगरमाथ्यावर वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून रस्त्याने साठ-पासष्ट किलोमीटर पूर्वेस असलेल्या मंचरच्या परिसरात त्याच्या चौथ्या हिश्श्याइतकाही पाऊस पुष्कळदा पडत नाही. एकाच आंबेगाव तालुक्याच्या पोटात हे दोन निरनिराळे प्रदेश नांदतात, आणि शेजारच्या जुन्नर तालुक्याचीही तीच अवस्था आहे. असे असूनही मंचरकडील शाळाखोलीचा आराखडा, तेथील विटा, तेथील गवंडी आणि तेथीलच कामाची रीत जशीच्या तशी उचलून तळेघर, आहुपे, राजपूर, घाटघर अशा पश्चिम पट्टीतील गावांत नेली जाते. मग दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीला ओल येते, गिलाव्याचे पोपडे सुटतात, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते, आणि दोष मात्र पावसाच्या माथी मारला जातो. पाऊस त्या डोंगरावर शतकानुशतके पडतच आहे. त्याची दखल घेऊन काम झाले की नाही, एवढाच खरा प्रश्न आहे.

पावसाळ्यात वीटकाम करूच नये, हा सल्ला सर्वांत सोपा आणि बऱ्याच अंशी योग्यही आहे. परंतु मंजुरी, अंदाजपत्रक, निविदा आणि साहित्याची वाहतूक यांत उन्हाळा सरून जातो; पाया वैशाखात खणला जातो आणि जोत्यावरचे थर चढू लागतात तो मृग दाराशी येऊन ठेपतो. अशा वेळी काम थांबवावे तर मुले ओसरीत किंवा देवळात बसतात, आणि चालू ठेवावे तर भिंत बिघडते. हा पेच ज्या शिक्षकांच्या नित्य परिचयाचा आहे, त्यांना वीटकामाची मूलतत्त्वे ठाऊक असणे अगत्याचे आहे. शिक्षक हा अभियंता नव्हे व त्याने होऊही नये. परंतु बांधकामाच्या जागी दिवसभर हजर असणारा साक्षर, तटस्थ मनुष्य बहुधा तोच असतो. शाळा व्यवस्थापन समितीचे सचिवपदही मुख्याध्यापकाकडेच असते.

हा विषय केवळ ओलीचा आणि पोपड्यांचा नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील निंबोडी येथे पावसात जिल्हा परिषद शाळेच्या वर्गखोलीचा भाग कोसळला आणि तीन विद्यार्थी प्राणास मुकले. २९ जून २०१९ च्या रात्री पुणे शहराच्या कोंढवा भागात कुंपणाची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडून १५ जणांचा अंत झाला. भिंत पडते ती बहुधा पावसात पडते, आणि तिच्या आडोशाला त्या वेळी माणसे असतात, कारण पावसात मनुष्य आडोसाच शोधतो.

आंबेगाव तालुक्यात तर माळीणचे नाव घेतल्यावाचून हा विषय पुढे सरकत नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खचून हे गाव गाडले गेले व १५१ माणसे मृत्युमुखी पडली. गावातील प्राथमिक शाळेची इमारत तेवढी उभी राहिली. दरडीपुढे कोणतीही वीट वा काँक्रीट टिकत नाही. तेथे प्रश्न भिंतीचा नसून जागेचा असतो, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. परंतु त्यानंतरचा इतिहास प्रस्तुत विषयाशी थेट निगडित आहे. आमडे येथे नवे गाव वसविण्यात आले व एप्रिल २०१७ मध्ये लोकांच्या स्वाधीन झाले. त्याच वर्षीच्या जूनमधील पहिल्याच मोठ्या पावसात नव्या वसाहतीतील रस्ते खचले, भरावाची माती वाहून गेली आणि काही ठिकाणी बांधकामास तडे गेले. उतारावरचा नवा भराव कितीही धुमसला तरी पहिला पावसाळा खाल्ल्याशिवाय तो पुरता बसत नाही. अशा भरावावर उभी केलेली भिंत उत्कृष्ट विटांची असली तरी खालची भूमी सरकल्यावर ती तडकणारच. तेव्हा गवंड्याची थापी पाहण्यापूर्वी पायाच्या चराकडे पाहावे. चराचा तळ मुरमात किंवा खडकात गेला आहे, की भरावातच संपला आहे, हे पाहण्यास पदवी लागत नाही. पावसाने चरात पाणी साठले असल्यास ते उपसून, तळाचा मऊ झालेला गाळ खरवडून, मगच पुढील काम व्हावे. चिखलावर ओतलेले काँक्रीट हा पाया नव्हे.

जुन्या घरांची रीत

भीमाशंकरच्या परिसरातील महादेव कोळी समाजाची जुनी घरे पाहिली असता एक गोष्ट ध्यानी येते. त्यांत भिंत ही घराचा भार वाहणारी वस्तूच नव्हती. आधी लाकडी मेढी रोवल्या जात, त्यांवर आढे व वासे चढत, छप्पर शाकारले जाई, आणि मग त्या छपराखाली कारवीच्या काठ्यांचे कूड उभारून त्यांना शेणमातीचा लेप दिला जाई. म्हणजे भिंत घडत असताना तिच्यावर पाऊस पडण्याचा प्रसंगच येत नसे. वळचण एवढी खाली उतरलेली असे की पागोळ्या भिंतीपासून दूर पडत, आणि पश्चिमेच्या अंगाला झडीपासून रक्षण करण्यासाठी गवताचा किंवा पेंढ्याचा आडोसा बांधला जाई.

विटेची भिंत भार वाहते, म्हणून तिथे छप्पर आधी घालता येत नाही, असे उत्तर कोणी देईल. कायमचे छप्पर घालता येत नाही हे खरे. परंतु बांबूंच्या चार उभ्या खांबांवर ताडपत्रीचे तात्पुरते छत उभारण्यास काहीच अडचण नाही. पश्चिम पट्टीत पावसाळी वीटकाम करावयाचे तर अंदाजपत्रकात पहिली बाब ह्या छताची असावी. ते नसेल तर भिंतीवर रोज संध्याकाळी ताडपत्री घालण्याची शिस्त तरी पाळली जावी. ताजा सांधा पावसाच्या एका सरीत धुतला जातो. सिमेंट वाहून जाते व उघडी वाळू शिल्लक राहते. दुसऱ्या दिवशी गवंडी त्यावरच पुढला थर रचतो आणि ती दुबळी रेघ भिंतीच्या पोटात कायमची दडून राहते. म्हणून सरीने धुतलेला वरचा थर काढून टाकून, विटा साफ करून, तो पुन्हा नव्या मसाल्यात बसविणे हाच उपाय आहे. या ठिकाणी अर्ध्या तासाचे काम वाचविण्याचा मोह गवंड्याला होतो, आणि शिक्षकाची नजर सर्वांत उपयोगी पडते ती इथेच.

पुण्याचा शनिवारवाडा १७३० ते १७३२ या काळात बांधला गेला. त्याच्या तटाचा खालचा भाग घडीव दगडाचा आणि वरचा विटांचा आहे. यामागे छत्रपतींच्या नापसंतीची एक कथा सांगितली जाते; ती खरी असो वा नसो, बांधकामाच्या दृष्टीने ही मांडणी शहाणपणाची आहे. जमिनीलगत पाण्याचे शिंतोडे उडतात व ओल वर चढते, तेथे दगड असावा. त्याच्या वर वीट निर्धास्त राहते. डोंगरातील शाळेला काळ्या दगडाचे जोते सहज मिळते, कारण दगड पायाखालीच आहे. जोते जमिनीपासून दोन ते अडीच फूट उंच घ्यावे आणि जोत्याच्या माथ्यावर ओल अडविणारा सिमेंट काँक्रीटचा थर अखंड घालावा. तो दाराखाली तुटला की ओल तेथूनच वर चढते व मग भिंतीला लोणा लागतो.

वीट

डोंगरपट्टीत वीटभट्ट्या नसल्यासारख्याच आहेत. वीट येते ती पूर्वेकडील सपाटीवरून, आणि भट्ट्या दिवाळीनंतर पेटून पावसाच्या तोंडावर विझतात. परिणामी जूनमध्ये जी वीट हाती येते ती हंगामाच्या शेवटची, घाईने भाजलेली असण्याचा संभव असतो. चांगली वीट सर्वत्र सारख्या तांबूस रंगाची असते, दोन विटा एकमेकींवर आपटल्या असता खणखणीत नाद देते, नखाने ओरखडत नाही, आणि सुमारे एक मीटर उंचीवरून भुईवर टाकली असता फुटत नाही. फिकट, पिवळसर वीट कच्ची समजावी. ती पावसात मातीच्या मोलाने परत जाते. अति भाजून काळी, वेडीवाकडी झालेली खंगर वीट पाणी पीत नाही, पण मसाल्यालाही धरत नाही.

वीट किती पाणी पिते हे शाळेतील तराजूवरही काढता येते, आणि पाचवी ते सातवीच्या वर्गांना शेकडेवारीचा याहून जिवंत धडा क्वचितच मिळेल. पाच विटा चुलीजवळ ठेवून पूर्ण कोरड्या कराव्या व त्यांचे वजन घ्यावे. नंतर त्या २४ तास पाण्यात बुडवून ठेवून, फडक्याने पुसून पुन्हा वजन करावे. सामान्य प्रतीच्या विटेचे वजन भारतीय मानकानुसार २० टक्क्यांहून अधिक वाढू नये. कोरडी वीट ३ किलोग्रॅमची असेल, तर ओली वीट ३ किलो ६०० ग्रॅमपर्यंत ठीक. त्यापलीकडे गेल्यास तो ढीग परत करण्याजोगा होय. हा आकडा मुलांनी स्वतः काढला म्हणजे तो गावातही पटतो.

आता एक असा मुद्दा की ज्यात अनुभवी गवंडीही चुकतात. विटा पाण्यात भिजवूनच वापराव्या हा नियम सर्वांच्या तोंडी आहे व तो उन्हाळ्यासाठी अचूक आहे. कोरडी वीट मसाल्यातील पाणी शोषून घेते, मसाला घट्ट होण्याआधीच तहानेला होतो व भुसभुशीत राहतो. परंतु पावसाळ्यात उघड्यावर आठ दिवस पडलेली वीट आधीच तृप्त असते. तिच्या अंगावर पाण्याचा थर असतो. ती मसाल्यातून पाणी ओढीतच नाही, त्यामुळे मसाला पातळ राहतो, वीट त्यावर तरंगते, आणि वर आणखी चार थर येताच भिंत ओळंब्यातून सुटते. नियमाचा हेतू विटेने मसाल्याचे पाणी पिऊ नये हा आहे; विटेने पाण्यात डुंबावे हा नव्हे. म्हणून पावसाळ्यात विटांचा ढीग फळ्यांवर वा दगडांवर उंच रचून झाकावा, आणि वापरताना विटेचा गाभा ओलसर पण अंग कोरडे असावे. तळहात टेकविला असता हात ओला होऊ नये, एवढी खूण पुरे.

वाळू, सिमेंट आणि घमेल्याचा हिशेब

नऊ इंची भिंतीसाठी सामान्यतः एक भाग सिमेंट व सहा भाग वाळू असा मसाला घेतात. साडेचार इंची भिंतीला एकास चार. हे भाग घमेल्याने किंवा लाकडी मापाने मोजले जातात, आणि पावसाळ्यात हा साधा हिशेब फसतो. किंचित ओली वाळू फुगते. दर कणाभोवती पाण्याचे पातळ वेष्टन बसून कण एकमेकांपासून दूर सरतात, व पाच-सहा टक्के ओल असलेली बारीक वाळू पंचवीस ते तीस टक्क्यांपर्यंत अधिक जागा व्यापते. याच्या उलट, वाळू पाण्याने पूर्ण निथळत असेल तर फुगवटा नाहीसा होतो. एकाच ढिगाचा वरचा थर निथळता आणि आतला भाग दमट, अशी स्थिती असल्यास प्रत्येक घमेल्यातील वाळू निराळी ठरते.

फुगवटा मोजण्यास सरळ बाजूंची काचेची बरणी व पट्टी पुरते. बरणीत दमट वाळू सैल भरून तिची उंची घ्यावी. समजा ती २० सेंटिमीटर भरली. वाळू काढून बरणी अर्धी पाण्याने भरावी, तीच वाळू हळूहळू आत सोडून काठीने ढवळावी आणि बसू द्यावी. आता उंची १६ सेंटिमीटर आली, तर ४ सेंटिमीटरांचा फुगवटा १६ वर, म्हणजे २५ टक्के झाला. ५० किलोच्या एका सिमेंट पोत्याचे आकारमान सुमारे ३५ लिटर धरतात. एकास सहा प्रमाणासाठी २१० लिटर कोरडी वाळू हवी. तिच्या जागी २१० लिटर फुगलेली वाळू घेतली तर खरी वाळू १६८ लिटरच पडते. यात मसाला बिघडत नाही, पण सिमेंट अकारण अधिक लागते. धोका आहे तो पुढच्या पायरीला. गवंडी हा अनुभव लक्षात ठेवून सवयीने घमेली वाढवितो. मग एके दिवशी मुसळधार पावसाने वाळू निथळती होते, फुगवटा उरत नाही, घमेली मात्र तितकीच पडतात, आणि मसाला एकास सहा न राहता एकास साडेसात होऊन बसतो. त्या दिवसाचे थर कायमचे दुबळे राहतात. वाळूचा ढीग झाकून ठेवणे आणि रोज सकाळी बरणी भरून पाहणे हाच त्यावर इलाज आहे.

त्याच वाळूत पाणीही दडलेले असते. वरील २१० लिटर दमट वाळूत सुमारे २५० किलो वाळू असेल व तिच्यात पाच टक्के ओल असेल, तर बारा-तेरा लिटर पाणी मसाल्यात आधीच आले. बिगारी नेहमीची बादली ओततो आणि मसाला वाहू लागतो. मग तो घट्ट करण्यासाठी आणखी वाळू टाकली जाते. पाणी कमी ओतण्याऐवजी वाळू वाढविणे ही पावसाळी कामातील फार जुनी खोड आहे.

वाळूतील माती पाहण्यासाठी तीच बरणी चालते. दहा सेंटिमीटर वाळूवर मिठाचे पाणी घालून जोराने हलवावे व तीन तास स्थिर ठेवावे. वर जमलेला गाळाचा थर ८ मिलिमीटरांहून जाड असल्यास ती वाळू धुतल्याखेरीज वापरू नये. ओढ्याला पूर आल्यानंतर काढलेली वाळू या परीक्षेत बहुधा नापास होते.

सिमेंटविषयी थोडक्यात. ते हवेतील दमटपणाही पिते, आणि भीमाशंकरच्या धुक्यात ही क्रिया रात्रंदिवस चालते. नीट ठेवलेल्या सिमेंटचेही बळ तीन महिन्यांत सुमारे पाचव्या हिश्श्याने घटते. पोती फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर दूर, दहांहून अधिक न रचता, चोहोंकडून झाकून ठेवावी. जे आधी आले ते आधी वापरावे. चिमटीत न फुटणारे खडे आढळल्यास ते पोते भिंतीसाठी बाद समजावे. पोषण आहाराच्या धान्यखोलीत सिमेंट साठविण्याची पद्धत मात्र कोठेही चालू देऊ नये.

रचना

पावसाचे पाणी विटेतून आत येते असा समज आहे. वस्तुतः ते बहुतांशी सांध्यांतून येते, आणि त्यातही उभ्या सांध्यांतून. आडव्या सांध्यावर मसाला पसरावाच लागतो. उभ्या सांध्यात मात्र विटेच्या कडेला थोडासा चोपडून पोट रिकामे ठेवले तरी बाहेरून दिसत नाही. पश्चिमेच्या झडीत वारा पाण्याला ह्याच पोकळीतून रेटतो. एखादी नुकती बसविलेली वीट उचलून दाखविण्याची गवंड्याला विनंती करावी. विटेच्या सर्व अंगाला मसाला लागलेला दिसला तर काम चोख आहे. अशी विनंती आदराने, मुलांना शिकविण्याच्या निमित्ताने केली म्हणजे कोणी रागावत नाही. उलट चांगला गवंडी आपली विद्या मुलांपुढे हौसेने मांडतो. ओळंबा, गुण्या, पाणसळ आणि दोरी ही चार साधने त्याच्याच हातून मुलांनी समजून घ्यावी. तीन मीटर उंचीत ओळंब्यापासून भिंत ६ मिलिमीटरांपेक्षा अधिक सुटू नये, हे प्रमाण कळल्यावर मोठी मुले दोरी-दगडाचा ओळंबा करून आपल्या जुन्या वर्गाच्या भिंतीही तपासू लागतात, आणि कधी कधी त्यांत शिक्षकांनी दखल घेण्याजोगे काही सापडते.

सांधे दहा मिलिमीटरांच्या आसपास असावे व एका थरातील उभा सांधा खालच्या थरातील सांध्यावर येऊ नये. विटेवरची खाच वरच्या अंगाला असावी, म्हणजे ती मसाल्याने भरते. एका दिवसात भिंत दीड मीटरहून अधिक चढवू नये असा सर्वसाधारण नियम आहे. पावसाळ्यात तो एक मीटरवर आणणे इष्ट, कारण दमट हवेत मसाला सावकाश आवळतो आणि वरच्या भाराने खालचे सांधे दबून बाहेर फुटतात. सर्व बाजू बरोबरीने चढवाव्या. एकटी उंच भिंत सोसाट्याच्या वाऱ्यात आधाराशिवाय उभी ठेवणे धोक्याचे आहे, आणि अशा अर्धवट भिंतीजवळ मुलांना फिरकू देऊ नये.

कुंपणाच्या भिंतीसंबंधी विशेष सावधगिरी हवी. डोंगरउतारावरील शाळेत मैदान सपाट करण्यासाठी वरच्या अंगाची माती कापली जाते आणि त्या कापाला टेकून नऊ इंची विटांची भिंत उभी केली जाते. ही भिंत मातीचा रेटा सोसण्यासाठी नसते. माती कोरडी असेतो ती उभी राहते. आषाढात मातीत पाणी मुरले म्हणजे रेटा कित्येक पटींनी वाढतो. मातीला धरणारी भिंत दगडाची, खाली रुंद व वर निमुळती, आणि पाणी निघण्यासाठी ठिकठिकाणी छिद्रे ठेवलेली अशीच असली पाहिजे. पूर्वी बांधलेल्या भिंतीतील अशी छिद्रे मातीने वा गवताने बुजली असल्यास मृगापूर्वी मोकळी करून घ्यावी. भिंतीला पोट आलेले दिसले, किंवा आजवर पाणी गाळणारे छिद्र भर पावसात कोरडे पडले, तर त्या बाजूचे खेळ बंद करून त्याच दिवशी पंचायतीस व शाखा अभियंत्यास लेखी कळवावे. जी वर्गखोली वापरण्यास अयोग्य दिसते, तिच्या निर्लेखनाचा प्रस्ताव पडून असला तरी मुले त्या खोलीत बसविण्याचे कारण नाही.

राहिला प्रश्न पाणी मारण्याचा. पाऊस पडत असताना भिंतीला वेगळे पाणी कशाला, असा सवाल हमखास केला जातो. संततधार असेल तेव्हा तो रास्त आहे. परंतु श्रावणात ऊन-पाऊस लपंडाव खेळतात, दोन-दोन दिवस उघडीप मिळते, माथ्यावरून वारा वाहतो आणि भिंत वरून सुकते. शिवाय ताडपत्रीखालच्या भिंतीवर पाऊस पडतच नाही. वीटकाम किमान सात दिवस ओले राहिले पाहिजे. हल्ली सर्वत्र मिळणाऱ्या राखमिश्रित सिमेंटसाठी दहा ते चौदा दिवस धरावे. कोणता भाग कधी बांधला हे आठवणीवर न ठेवता प्रत्येक दिवसाच्या कामावर गेरूने तारीख लिहावी. तारखा लिहिण्याचे व उघडिपीच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ पाणी मारून शाळेच्या नोंदवहीत टिपण्याचे काम सातवीच्या मुलांकडे सोपवावे. त्याच वहीत त्या दिवशीचा पाऊस, बरणीतील वाळूचा फुगवटा आणि चढविलेल्या थरांची संख्या असे तीन रकाने आखून घ्यावे. गिलावा मात्र त्या वर्षी करू नये. भिंत एक हिवाळाभर वाळू द्यावी आणि फाल्गुनात, हिरड्याच्या हंगामासाठी गावातील माणसे रानात जाऊ लागण्यापूर्वी, ते काम हाती घ्यावे.